मिशी नाही तर मत नाही

शालूबाईनं डॉक्टरांचा कागद देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि त्या दिवसापासनं जोतीरामच्या घरातलं मटण बंद झालं. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला गडी. घाटात ब्रेक गेला तरी घाबरला नव्हता, पण रविवारी ताटात दोडका बघितला की पाटासकट मागं सरकायचा. आता त्याला वर्षातनं एकच आशा होती, तालमीच्या कट्ट्याची आखाडातली रस्सा पार्टी. ती हुकली की श्रावण, श्रावण संपला की गणपती. म्हणजे थेट दसऱ्यापर्यंत दोडका.

कट्ट्यावर माणसं सहाच, पण भांडणं सगळी अमेरिकेची. त्याला कारण सयाजी. त्याची लेक संयोगिता तिकडं दिलेली. खर्चाचा ठराव अडला म्हणून तिकडचं सरकारच बंद पडलं, सरकारी नोकरीतला जावई महिनाभर घरात बसला, आणि सयाजी चिडून विरोधातल्या गाढवाच्या पार्टीत गेला. तिकडं एका पार्टीची खूण गाढव, दुसरीची हत्ती. सयाजी गाढवात म्हटल्यावर जोतीराम त्याच दिवशी हत्तीत.

"का रं, हत्तीच का?" सयाजीनं विचारलं.

"भारदस्त हाय. गाढवाला मत देऊन घरात तोंड कसं दाखवू?"

यशराज आणि पृथ्वीराज जोतीरामच्या मागनं हत्तीत आले. आदर्श सयाजीबरोबर गेला. राहिले तात्या. ते कट्ट्याचे अध्यक्ष, वय ऐंशी, तोंडात एकही दात नाही. ते म्हणाले, "माझा बैल. गप बसा."

इथवर सगळं ठीक होतं. पण यंदा सयाजीनं मुळावरच घाव घातला.

"कट्ट्याचं छप्पर गळतंय. ह्या वर्षी वर्गणीची शिल्लक पत्र्याला घालायची. मटण रद्द."

"बघा, बघा!" जोतीराम उठून उभाच राहिला. "ह्ये गाढववाले! दुसऱ्याचा पैसा दिसला की हात खाजतोय खर्चाला!"

"आणि मटण काय फुकट येतंय व्हय?"

"मटण म्हंजे संरक्षण खातं हाय. त्याला कात्री लावत न्हाईत!"

शेवटी तात्यांनी येत्या रविवारी मतदान लावलं. बरोबरी झाली तर तात्यांचं मत, एरवी नाही. जोतीरामनं बोटं मोजली. आपण तीन, ते दोन. बरोबरी झाली तरी तात्या आपलेच, कारण दात नसले तरी पांढरा रस्सा प्यायला दात लागत नाहीत. म्हणजे जिंकल्यातच जमा होतं. पण नुसतं जिंकून त्याचं समाधान होईना. त्याला दणक्यात जिंकायचं होतं.

आदर्श नोकरीला कुरुंदवाडला. तो म्हणाला, "मी फोनवरनं मत सांगतो."

"न्हाय चालायचं," जोतीराम म्हणाला. "अमेरिकेत ह्याच्यावरनंच घोळ चाललाय. मत द्यायचं तर सोता यायचं. आणि येताना आधार कार्ड आणायचं. फोटो आणि तोंड जुळलं तरच मत."

"लेका, तीस वर्षं एका पाटावर बसतोय की आपण!" सयाजी म्हणाला.

"ओळख येगळी, नियम येगळा."

यशराजनं हळूच आपलं कार्ड काढून दाखवलं. फोटो असा की त्याच्या आईनंही ओळखला नसता. आपलं एक मत जातंय म्हटल्यावर जोतीरामनं नियमाला शेपूट जोडलं, 'फोटो न जुळल्यास घरच्या माणसाची साक्ष धरावी.' सगळं वहीत लिहिलं, खाली सही ठोकली.

रविवार तोंडावर आला तसा जोतीरामला हुरूप चढला. विजयाचा फोटो निघणार म्हणून त्यानं मिशीला कलप लावला. मिशी म्हणजे त्याची इस्टेट. डेपोत त्याला नावानं कमी आणि मिशीनं जास्त ओळखायचे. पण कलप कुठल्या कंपनीचा होता देव जाणे, धुतल्यावर मिशी वांगी रंगाची झाली. शनिवारी सलूनवाल्यानं हळहळत ती उतरवली. जोतीराम आरशात बघून म्हणाला, "ह्यो कोण?"

रविवारी सकाळी शालूबाईनं विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं?"

"मतदान हाय कट्ट्यावर. पत्र्याचं."

"तुमी कुणाकडनं?"

"पत्र्याकडनं की! मटण सोडलंय न्हवं मी," असं म्हणून त्यानं देव्हाऱ्याला हात जोडले.

कट्ट्यावर बघतो तर आदर्श पहिल्या एसटीनं कुरुंदवाडहून येऊन बसलेला. आणि पृथ्वीराजचा पत्ता नाही. फोन लावला.

"आरं, हायस कुठं?"

"सासुरवाडीला. गडहिंग्लज," पलीकडनं नळी चोखल्याचा आवाज आला. "आखाडाचं बोलावणं हुतं. माझं मत मटणाला हं. मटणाला कसलाबी विरोध नगं."

"फोनवरचं मत चालत न्हाय," सयाजी म्हणाला. "वहीत लिवलंय. सही बी हाय कुणाची तरी."

जोतीरामनं दात खात फोन खिशात घातला. असू दे. दोनास दोन, मग तात्या. तात्यांनी तर खिशातनं लिंबू काढून ठेवलेलं.

यशराजच्या आईनं येऊन "ह्यो माझाच" म्हणून साक्ष दिली. मग जोतीरामनं ऐटीत कार्ड पुढं केलं. सयाजीनं चष्मा लावला. कार्ड बघितलं, तोंड बघितलं, परत कार्ड बघितलं.

"फोटोत मिशी हाय. हितं न्हाय."

"सयाजी! मी हाय की मर्दा!"

"ओळख येगळी, नियम येगळा. साक्षीदार बोलवा."

शालूबाई पिठाचे हात घेऊनच आली. तात्या म्हणाले, "शालू, हे तुझंच मालक न्हवं? एवढं सांग आणि जा."

शालूबाई सांगणारच होती. तेवढ्यात तिनं विचारलं, "मत कशाला देत्यात?"

"मटणाला, वहिनी," सयाजी साखरेत घोळून बोलला.

शालूबाईनं जोतीरामला खालीवर बघितलं. जोतीराम डोळ्यांनी हात जोडत होता.

"माझं मालक सकाळी देवाम्होरं सांगून गेल्यात, पत्र्याला मत देतो म्हणून," ती म्हणाली. "आणि ते खोटं बोलत न्हाईत. त्यास्नी मिशी बी हाय. ह्यो पावणा कोण हाय, मला ठावं न्हाय."

आणि ती निघून गेली. दोनास एक. पत्रा मंजूर. तात्यांनी लिंबू परत खिशात टाकलं आणि म्हणाले, "जोत्या, पुन्यांदा अमेरिकेचं नाव काढलंस तर बघ."

जोतीराम बारा वाजेपर्यंत रंकाळा तलावाच्या काठावर बसला. घरी आला तर दाराला आतनं कडी.

"अगं, उघड. मी हाय."

"मी म्हंजे कोण? मालक अजून आलं न्हाईत."

जोतीरामनं दोनदा विनवलं, पण कडी हलली नाही. मग घाटात गिअर पडावा तसं त्याच्या डोक्यात काहीतरी पडलं. त्यानं आवाज गल्लीला ऐकू जाईल एवढा चढवला.

"वैनी! मी गडहिंग्लजचा पावणा. पहाटेपासनं उपाशी हाय!"

शेजारच्या बनाबाईनं भिंतीवरनं डोकं काढलं. सकाळचा तमाशा तिनं बघितला होता आणि तिला त्यात भर घालायचीच होती.

"काय गं शालू? आखाडात पावणा दारात आलाय आणि त्याला दोडका वाढतीस काय? गल्लीची अब्रू जाईल की!"

आत एक भांडं आपटलं. मग कडी वाजली. शालूबाई पिशवी घेऊन त्याच्याकडं न बघता बाहेर पडली आणि अर्धा किलो मटण घेऊन आली.

दुपारी पाटावर बसलेल्या पावण्याला तांबडा रस्सा मिळाला, पांढरा मिळाला, दोन फोडी मिळाल्या. तिसरीला त्यानं वाटी पुढं केली.

"पावण्यानं मागून खाऊ ने," शालूबाई म्हणाली. "आणि ध्यानात ठेवा. मिशी येईस्तवर पावणं. मिशी आली की मालक, आणि मालकास्नी दोडका."

श्रावण लागायला अजून दहा दिवस होते, त्यात मटणाचे वार, बुधवार आणि रविवार, बाकी होते. मंगळवारी सकाळी सलूनवाला शटर उघडतोय तोवर जोतीराम पायरीवर बसलेला.

"अण्णा, अजून खुंट बी न्हाय आलं!"

"न्हाय आलं तरी वस्तरा फिरव," जोतीराम खुर्चीत मान टाकत म्हणाला. "उद्या बुधवार हाय."