क्लिंगॉन बारसं

"नाव ठेवावं तर आपणच!" असं कृष्णात स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

साल दोन हजार एक. राजारामपुरीत त्याचा नेट कॅफे होता. काय दिवस होते हो ते! मोडेम किंचाळायचा, एक पान उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा, आणि तरी पोरं खूश! त्याच नेटवर कृष्णातला क्लिंगॉन भाषा घावली. परदेशी मालिकेतल्या, परग्रहावरच्या लढवय्यांची भाषा! तिच्यात आपला साधा 'क' नाहीच. त्याच्या जागी घशाच्या तळातनं, खाकरल्यासारखा 'क्ख' काढायचा. झालं! येईल त्या गिऱ्हाइकाचं नाव कृष्णात क्लिंगॉन करून द्यायला लागला. बाळासोचा 'बालाषो' झाला, शशिधरचा 'षाषिडार'.

"कोल्हापूरचा गळा हाय मर्दा! लंडनवाल्यास्नी जमायचं न्हाय!"

अशात त्याला मुलगा झाला. त्याचे वडील आकाराम आदल्याच वर्षी गेले होते. आई बयाबाई हळूच म्हणाली, "तुज्या आण्णांचं नाव ठेवूया की रं."

"आई, आकाराम? शाळेत पोरं हसतील!"

बयाबाईला ते लागलं. बायकोच्या मनात 'कार्तिक' होतं. कृष्णातनं त्याचं 'क्खार्टिक्ख' केलं. दोन्ही टोकांना 'क्ख'! पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्याची बहीण वर्षाराणी पेठ वडगावहून आली, ती थेट शिकवणीलाच बसली.

"दादा, उलटी आल्यागत वाटतंय रं."

"मग बरोबर जमतंय!"

बारशाला मंगळवार पेठेतलं घर बायकांनी भरलं. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या. वर्षाराणी पाळण्यात वाकली. आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. सगळ्या हात सरसावून उभ्या!

"कुर्रर्र!" वर्षाराणीनं दम घेतला. "क्ख... क्ख्ख..."

"अगं बया, घुगऱ्या अडकल्या हिच्या घशात!"

धप्प! हात तयारच होते की!

"न्हाय... क्ख..."

"अजून हाय आत! हाणा जोरात!"

धप्प, धप्प! कुणी तांब्या तोंडाला लावला, कुणी मान खाली दाबली. कृष्णात पुरुषांच्या घोळक्यातनं ओरडत होता, "नाव हाय त्ये! नाव!" पण ऐकतंय कोण? सगळ्यात दणदणीत धपाटे खुद्द बयाबाईचे. पोटची पोर गुदमरतीय म्हटल्यावर!

शेवटी वर्षाराणी उसळून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, केस विस्कटलेले.

"खड्ड्यात गेलं तुझं क्खार्टिक्ख, दादा!" आणि ती वाकून बाळाच्या कानात बोलली, पण अख्ख्या पेठेला ऐकू गेलं, "आकाराम! आकाराम! आकाराम!"

आत्यानं कानात घातलं ते घातलं. ते कोण बदलणार? बायकांनी रीतीप्रमाणं पुन्हा धपाटे घातले. वर्षाराणी तशीच रागानं वडगावला गेली.

कृष्णात रात्रभर धुसफुसत राहिला. सकाळी बघतो तर बाळ पाळण्यात रडतंय, आणि बयाबाई जवळ उभी राहून नुसतं तोंड उघडतीय आणि मिटतीय.

"हाक मार की आई! तुझ्या मनासारखं झालं न्हवं?"

"कशी मारू रं?" बयाबाई कळवळली. "मालकांचं नाव जल्मात कधी तोंडानं घेतलं न्हाय. तुमी हाकारशिला, मी ऐकीन, एवढंच होतं माज्या मनात."

कृष्णात पाळण्याची दोरी ओढायला लागला. मग बयाबाईनंच विचारलं, "तुज्या त्या भाषेत काय म्हणत्यात रं त्यास्नी?"

"आ-क्खा-राम," कृष्णात पुटपुटला.

बयाबाईनं घसा खाकरला. "आक्ख्खाराम!" पहिल्याच दमात! अख्ख्या नेट कॅफेत जे कुणाला जमलं नव्हतं ते! बाळ रडायचं थांबलं आणि टकामका बघायला लागलं.

नेट कॅफे पुढं बंद पडला. पण कितीतरी वर्षं संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या घराच्या दारातनं बयाबाईची खाकरती हाक उठायची आणि गल्लीतनं नातू पळत यायचा, "आलो आज्जी!" हाक ऐकून शेजारची दानम्मा काळजीनं अडुळशाचा कडूजहर काढा घेऊन यायची, "खोकला काय हटंना गं तुझा!"

बयाबाई तो मुकाट्यानं पिऊन टाकायची. मालकांचं नाव घेतलं, हे दानम्माला कळायला नको ना!