दोन पंखे, दोन नंबरवर

रायपूरच्या मे महिन्यात आमच्या ऑफिसातले सगळे पंखे पाचवर भणभणत असत. घाटोळ्यांच्या बाजूचे दोन तेवढे दोनवर, आणि त्यांचं टेबल बरोबर दोन्हींच्या मधोमध.

“एकाले पाचवर काहून पळवता?” ते म्हणत. “दोघांत वाटून घ्या. मधल्या माणसाले गार लागते अन् शेजाऱ्याचे कागदं उडत नाहीत.”

‘वाटून घ्या’ हे त्यांचं पालुपद. चपराशी संतोषला हाक मारायची तरी एकटे ओरडणार नाहीत. दाराजवळच्या टायपिस्ट बाईंना खूण करत आणि मग दोघं दोन बाजूंनी हळूच म्हणत, “संतोष!” बाई जरा मागे पडल्या की हे कपाळाला हात लावत. “संगं, ताई, संगं! मागंपुढं झालं का नुसता कालवा होते.”

संतोष तोवर समोर उभा असे. “भैया, मैं तो पहली बार में सुन लिया.”

आमची मोबाईल कंपनी. घाटोळे टॉवरचे इंजिनियर आणि मी त्यांचा साहेब. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं, रोज कोणी नवा बडा माणूस शंकर नगरात राहायला येई आणि त्याला घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात पूर्ण रेंज हवी असे. मी हुकूम दिला, टॉवर फुल पॉवरवर ठेवा. पण शेजारचा टॉवरही फुलवर असला की मधल्या पाऱ्यात, म्हणजे तिकडच्या भाषेत मोहल्ल्यात, दोघांचं भांडण होई आणि तिथल्या लोकांचे फोन तुटत. घाटोळ्यांनी काय केलं, तर दोन्हींचा जोर थोडा उतरवला आणि मधल्या फोनला दोघांनी मिळून, एकाच वेळी, तेच बोलणं पोचवायचं अशी जुळणी केली. मधला पारा खूश. बंगल्यातला साहेब मात्र रोज माझ्या कानाशी.

“घाटोळे, फुल करा.”

“त्यायचं बोलणं होऊन राहिलं ना, साहेब? मग मधल्याचं काहून तोडता?”

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या जगदलपूरच्या बदलीची शिफारस केली आणि रविवारी संध्याकाळी ते सांगायला पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो.

सोमवारी मी शिफारस मागे घेतली. ऑफिसात सांगितलं, “हात जोडले बिचाऱ्यानं.” हा किस्सा खूप चालला. परवा निवृत्त लोकांच्या चहापानात कोणीतरी पुन्हा तो रंगवला आणि घाटोळेही सगळ्यांबरोबर हसले. त्यांनी कधी खोडून काढला नाही. म्हणून मीच लिहितो आहे. घाटोळ्यांनी हात जोडले नव्हते. बदलीचं त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी दार उघडंच होतं. खाटेवर त्यांची आई बसलेली, कानानं अगदी मंद. तिच्या एका बाजूला घाटोळे, दुसऱ्या बाजूला त्यांचे थोरले भाऊ, बीरगावच्या कारखान्यातून तसेच आलेले, बाहीला काळे डाग. कुठल्याशा लग्नात मानपानावरून बिनसल्यापासून या दोघांचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. घाटोळ्यांनी भावाकडे बघून मान हलवली. दोघं एकदम वाकले आणि दोन कानांत हळूच म्हणाले, “आई, जेवली का?”

“हव. जेवली ना.”

मला पाहून घाटोळे उठले. “साहेब, तुम्ही? बसा ना.” मी बघतच होतो, म्हणून जरा लाजून म्हणाले, “एकट्यानं मोठ्यानं बोललं का तिले वाटते, पोट्टे भांडून राहिले. घाबरते.”

“इकडून जात होतो,” मी म्हणालो. “म्हटलं, चहा घ्यावा.”

“कोण आलं रे?” आईनं विचारलं.

घाटोळे पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, वेळ जुळवली.

“साहेब आले, आई. चहाले.”

आई हसली आणि आणखी काहीतरी विचारू लागली. तिचं विचारणं संपेपर्यंत ते दोघे एकमेकांकडे बघत थांबले होते.