नंदी शीर्षासनात

"गिऱ्हाईक आलं की आधी चहा ठेवायचा, मग डिझाईन दाखवायचं. चहा प्यालेल्या माणसाला लगीच न्हाय म्हणवत न्हाय."

वस्त्रकलेचा डिप्लोमा घेऊन मी घरी आले, त्या संध्याकाळी माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, दिलेला हा पहिला व्यावसायिक सल्ला. कॉलेजात आम्हाला रंगसंगती शिकवली, काठ-पदराचं गणित शिकवलं, चहाचं मात्र कुणी बोललं नव्हतं. पण मी तेव्हा भलतीच आत्मविश्वासात होते. नोकरी करायची नाही, घरबसल्या साड्यांची डिझाईन्स काढायची, आणि वर्षभरात कोल्हापूरपासून सुरतेपर्यंत आपले पदर फडकले पाहिजेत, असं मी पूजेला बसल्या बसल्या ठरवून टाकलं. देव काही बोलला नाही. आमच्या घरात न बोलणारा तो एकटाच.

आप्पांनी विचारलं, "हे फ्रीलान्स म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे कुणाची नोकरी नाही, आप्पा. काम मिळेल तसं करायचं."

"मग सरळ बेकार म्हण की. त्याला इंग्रजी कशाला पायजे?"

आमचे आप्पा, सोमलिंगआप्पा, भांड्यांचे व्यापारी. त्यांना वाजवून बघता येईल अशाच वस्तूंवर विश्वास. तरी दारावर पाटी लावू दिली. तिथं आक्काची पाटी आधीच होती: 'फॉल, पिको, ब्लाऊज शिवून मिळतील.' त्याखाली माझी: 'महानंदा टेक्स्टाईल डिझाईन्स'. परिणाम असा झाला, की पेठेतली माणसं पँटी घेऊन यायला लागली. शिंप्याचं वरचं पद म्हणजे डिझायनर, अशी समजूत. एकानं तर सतरंजी आणली आणि म्हणाला, "ताई, हिचं जरा काय तरी करा."

आक्का मशीनवरून हसायची. माझ्या कॉलेजचे रंग आणि ब्रश तिच्या त्याच मशीनमधून निघाले होते. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती, म्हणून तिचं लग्न केलं नव्हतं. जगातल्या सगळ्या बायकांच्या साड्यांना तिनं फॉल लावले असतील, स्वतः मात्र सुती साडीच्या पुढं गेली नाही. त्या उन्हाळ्यात जिना चढताना तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, आता ऑपरेशन सोसायचं नाही, आनंदात ठेवा.

आक्कानं ते बाजूचं बोलणं अर्थातच ऐकलं. घर लहान होतं. मला म्हणाली, "हे बघ, तुझ्या पहिल्या साडीला फॉल मीच लावणार. आणि ती नेसणार पण मीच. तेवढं केल्याशिवाय मी काय जात न्हाय."

मी दुसरं काय करणार? सोळा सोमवार, शनिवार, संकष्टी, सगळं चालूच होतं. रोज गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नव्हते. त्यात आणखी एक व्रत धरलं. सोमवारी मौन. सकाळच्या पूजेपासून दिवेलागणीच्या पूजेपर्यंत बोलायचं नाही, आणि लिहायचंही नाही, कारण लिहिणं म्हणजे पेन्सिलीनं बोलणंच. मी बोलले नाही तर आक्का राहील, असा सौदा. देवाला हा सौदा मान्य आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि श्रावणाच्या आधी काम आलं! महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या शालूबाई आल्या. मंडळातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या पाहिजे होत्या, शेवटच्या सोमवारसाठी. मी आधी चहा ठेवला. त्यांनी दोन कप घेतले आणि खरंच नाही म्हणाल्या नाहीत.

डिझाईन काढताना मी जीव ओतला. काठाला काही पवित्र काढायचं नाही, काठ पायाशी येतो. म्हणून काठाला साधी करवत, आणि पदरावर छोट्या नंदींच्या रांगा. इचलकरंजीच्या बाळासो मागवाल्यांकडं आलेख पोचवला. आलेखावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, आणि त्या भोकांच्या हुकमानं माग नक्षी विणतो. पुठ्ठ्याला सांगितलं तेच माग करतो. माणसासारखा प्रश्न विचारत नाही.

नमुना घेऊन बाळासो स्वतः आले. सोमवारी.

ते मोटारसायकलवरून उतरले ते बोलतच. "ताई, असा नंदी उतरलाय, बघा! शिंगं बघा शिंगं!" आणि पदराचं टोक वर धरून त्यांनी कापड माझ्यासमोर लटकवलं. नंदी छान उभे दिसत होते. मला आनंद झाला, आणि पुढच्याच क्षणी चूक दिसली. पदराचं टोक माणसाच्या हातात वर असतं ते फक्त दुकानात. बाई नेसली की टोक खाली. म्हणजे नेसल्यावर सगळे नंदी पाय वर करून पडणार!

मी बोट गोल फिरवलं. उलटं करा. बाळासोंनी कापडाची मागची बाजू पुढं केली. "मागून पण साफ हाय की, ताई. धागा सुटलेला न्हाय."

मी मान हलवली, पुन्हा बोट फिरवलं. या वेळी ते स्वतःच गोल फिरले, कुणी मागं उभं आहे का बघायला.

मी खाली बोट दाखवलं, वर दाखवलं. "खाली धरणी, वर आकाश," बाळासो भारावून म्हणाले, "आणि मधी नंदी. व्हय, व्हय."

आतून आक्काची धाप ऐकू येत होती. एक शब्द, फक्त 'उलटं' एवढा एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. तो जिभेवर येऊन बसला होता. मी आतल्या खोलीकडं बघितलं आणि तो गिळला. मग अगदी हताश होऊन बाळासोंना कोपरापासून हात जोडले. आपल्याकडं याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: बाबा, पुरे कर, धन्य आहे तुझी.

पण बाळासोंना माझी व्रतं माहीत होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनीही नंदीला हात जोडले. "ताईंनी नमस्कार केला म्हंजे पास. उद्यापास्नं माग चालू करतो." आणि मोटारसायकल गेली. मी तिच्यामागं कोपऱ्यापर्यंत धावले. पेठेतल्या लोकांना वाटलं, मालाचे पैसे बुडवून पळाला.

दिवेलागणीनंतर त्यांचा फोन कुणी उचलला नाही; मंगळवारी पूजा उरकून मी पुन्हा एसटीडी बूथवर. बाळासो नेमके दर्शनाला नृसिंहवाडीला गेलेले. फोन मागावरच्या माणसानं उचलला. मागं शेडमधले सगळे माग एका सुरात खडखडत होते.

"माग थांबवा," मी म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"नंदी उलटे आहेत. माग थांबवा."

"मोठ्यानं बोला की!"

मी माझ्या मते ओरडले. बूथवाला वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "ताई, देवळात हाय काय आपण?" तिकडून फोन ठेवला गेला होता.

बुधवारी मी स्वतः जाणार होते. पहाटे आक्काला श्वास घेता येईना. दवाखाना, ऑक्सिजन, आप्पा बाकावर टोपी हातात धरून बसलेले. त्या आठवड्यात इचलकरंजी नावाचं गाव आहे, हेही माझ्या डोक्यात नव्हतं.

आक्का घरी आली, आणि पाठोपाठ साड्यांचा गठ्ठाही आला. शालूबाई बायकांना घेऊन हौसेनं बघायला आल्या. एकीनं साडी खांद्यावर टाकून पाठ केली, आणि बाकीच्या पुढं सरकून वाकल्या.

"बाई गं," शालूबाई म्हणाल्या, "नंदीला काय झालंय? शीर्षासन करालाय व्हय?"

"मेलाय जणू," दुसरी म्हणाली.

"श्रावणात असलं बोलू नगंस."

"मग उताणा झोपलाय म्हणतो."

मी काय झालं ते सांगायला तोंड उघडलं. माझा आवाज पुढच्या बाईपर्यंतही पोचला नाही. शालूबाई वाईट नव्हत्या, पण ठाम होत्या. "महानंदा, आम्ही देवाम्होरं बसणार, आणि मागनं लोक काय बघणार? नंदीचं खूर? न्हाय जमायचं, बाळ." या वेळी चहाही उपयोगी पडला नाही.

सगळ्या गेल्यावर आप्पा म्हणाले, "शाळेत चित्रकलेच्या बाई पायजेत, असं ऐकलंय मी." ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आणि आतून आक्काचा आवाज आला. मला वाटलं धाप लागली, म्हणून धावले. ती हसत होती. उशीत तोंड घालून, डोळ्यांतून पाणी काढून. "कोपरापासनं नमस्कार? आणि त्यानं नंदीला?" पुन्हा हसली, मग खोकली, मग बराच वेळ माझा हात धरून नुसती पडून राहिली.

"एक दे इकडं," ती म्हणाली. "फॉल लावतो."

"उलटी आहे गं ती."

"पयली हाय न्हवं?"

मशीन चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तिनं हातानंच फॉल लावला, दोन टाके घालायची, थांबायची. सोमवारी पूर्ण झाला. मी तिला साडी नेसवली, तोंड बंद ठेवून. ती खाटेवर बसली, पदर पुढं मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिली. मग मला जवळ बोलावलं. "हिकडनं बघ. माझ्या बाजूनं."

मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. तिच्या मांडीवर सगळे नंदी सरळ उभे होते, तिच्याकडं तोंड करून.

"लोकांस्नी उलटं दिसतंय. नेसणारीला बरोबर," ती म्हणाली. "मला कुणाला दाखवायचंय?"

मी मान हलवली. ती माझ्याकडं बघत राहिली.

"महानंदा, हे मौन माझ्यासाठी धरलंयस न्हवं? मला ठावं हाय. पण माझा हिशेब बघ की जरा. आधीच माझं दिवस कमी. त्यात सोमवार तू वजा केलास."

मला रडू आलं, पण आवाज न करता. इतकी मी पक्की.

"शब्द दे. बाळासोकडं जायाचं, मागाजवळ हुबारायचं, आणि नंदी सरळ करून घ्यायचं. सोमवारीच जायाचं. तोंडानं बोलायचं. मान नगं हलवूस, शब्द दे."

दिवेलागणीला अजून अवकाश होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "देते, आक्का."

"आलं की ऐकू," ती म्हणाली.

श्रावण संपायच्या आत ती गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून नेतात. तिला तीच साडी नेसवली होती, कपाळाला विभूती, पदर मांडीवर. शालूबाई बायकांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी पदराकडं पाहिलं, आक्काच्या बाजूला जाऊन पुन्हा पाहिलं, आणि भजन सुरू केलं. जाताना दारात मला म्हणाल्या, "शिवरात्रीला चालंल आम्हाला. पण सरळ पायजेत."

तेरावा झाला. पुढचा सोमवार आला. सकाळी पूजा केली, नवा आलेख नळीत घातला. या वेळी प्रत्येक नंदीच्या डोक्यावर लाल शाईनं बाण काढला होता. आप्पा ओसरीवर होते. त्यांना सवयीनं वाटलं, आज मी बोलायची नाही, म्हणून त्यांनी हातानंच विचारलं, कुठं?

"इचलकरंजीला जाऊन येते, आप्पा."

ते दारातल्या जोड्यांजवळून बाजूला सरकले, मला वाट देत.

स्टँडवर गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसले. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"एक इचलकरंजी."

"ओ ताई," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं."

मी घसा खाकरला, आणि पुन्हा सांगितलं.