मामाच्या जागी माझा कोट

गोरक्षला मामा नाही. 'तुझ्या लग्नात मामाच्या जागी तुझ्या मागे मी उभा राहीन,' असा शब्द मी त्याला राहुरीच्या शाळेत दिला होता. (शाळेत माणूस काय वाटेल ते बोलतो. पण मी ते लक्षात ठेवतो, हा माझा जुना आजार.) बहात्तर साली त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी केनियात, एका साखर कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर कारकून होतो. लगेच मालकाकडे रजा मागितली.

"लग्न कुणाचं?"

"मित्राचं."

"सख्ख्या भावाचं नाही?"

"मित्राचं!" मी अभिमानाने सांगितलं. मालक हसला आणि "जा" म्हणाला. तो का हसला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मामाला शोभेल असा काळा कोट खास शिवून घेतला. उरलेलं सगळं बोटीच्या तिकिटात गेलं, त्यामुळे मुलीच्या गावी, श्रीगोंद्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अंगात कोट आणि हातात एकच पिशवी. नेमके त्या दिवसांत युगांडातून हाकललेल्या हिंदी लोकांचे फोटो पेपरात येत होते. तेही एकेक पिशवी घेऊनच उतरत होते.

मांडवात इंदू भेटली. (ही माझी बायको. नवरदेवाच्या वऱ्हाडाबरोबर आली होती.) तिने आधी पिशवी पाहिली, मग मला.

"खरं सांगा. काढलं ना तुम्हाला?"

"अगं, लग्नाला आलोय."

"समुद्र ओलांडून? मित्राच्या लग्नाला? माझ्या भावाच्या लग्नाला तुम्हाला नगरहून पुण्याला यायला सवड झाली नव्हती."

मी पिशवी पाठीमागे लपवली, आणि तोच पुरावा ठरला. गोरक्षची आई आक्काबाई धावतच आली.

"रडू नगं लेकरा. जीव वाचला, लई झालं. अंगावरचा कोट तरी ठिवला मेल्यांनी!"

"आक्का, ते युगांडात. मी केनियात असतो."

"आसू दे बाबा. रान येकच की समदं."

मुलीचे वडील श्रीमंतराव म्हणजे तिथल्या साखर कारखान्यातली वजनदार असामी. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "काळजी करू नगा. आमच्या वजनकाट्यावर लावतो तुमाला."

"मला नोकरी आहे!" मी ओरडलो. सगळा मांडव वळला. एवढ्या हळहळीने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मग मुंडावळ्या बांधलेल्या गोरक्षने मला बाजूला घेतलं. "शाम्या, राग मानू नगं. सासरं म्हनत्यात, मागं उभं ऱ्हानाऱ्याचं बस्तान नीट पायजे. तुझं हे आसं झालेलं. सहादेव गिरनीवाला उभा ऱ्हाईल."

"गोरक्ष, मी तुझ्यासाठी आलोय रे."

"म्हाईत हाय. मग येक काम कर. त्याच्याकडं कोट न्हाई, तुझा दे की."

दिला. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, तेही आक्काबाईने आफ्रिकेच्याच नावावर घातलं. मंगलाष्टकं सुरू झाली. नवरदेवाच्या मागे माझा कोट ताठ उभा होता आणि मी शर्टावर, बँडवाल्यांच्या शेजारी. प्रत्येक 'सावधान'ला मी मूठभर अक्षता सहादेवच्या टाळक्यावर नेम धरून मारल्या. एकही लागली नाही. संध्याकाळी कोट परत मिळाला. खिशात पीठ होतं.

'दाखवतोच आता सगळ्यांना!' असं म्हणून पहिल्या बोटीने परत गेलो. कारखान्यात माझ्या खुर्चीवर मालकाचा मेहुणा बसला होता.

"जो माणूस मित्राच्या लग्नाला देशात जातो," मालक म्हणाला, "तो उद्या त्याच्या पोराच्या बारशालाही जाईल." आणि पुन्हा हसला.

पुन्हा बोट, पुन्हा श्रीगोंद्याचा स्टँड, पुन्हा तीच पिशवी. आता विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो, आफ्रिकेतून हाकललं. त्यात थोडी इभ्रत आहे. मित्राच्या लग्नापायी नोकरी गेली, हे सांगायची सोय नाही.

गोरक्ष बायकोला घेऊन सासरी आला होता. मला पाहून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

"बघ शाम्या, मी म्हनत न्हवतो? तुला मागं उभं केलं आसतं तर आमच्या संसाराचं काय झालं आसतं?"

मी मान डोलावली. वजनकाट्यावरच्या नोकरीसाठी त्याच्या सासऱ्यांना भेटायचं होतं, आणि जाताना अंगात तोच कोट होता. श्रीमंतरावांनी तो लांबूनच ओळखला.

"या," ते म्हणाले, "सहादेवचा कोट घालून आलात व्हय?"