हौश्या, गुलब्या आणि तात्यांचा इष्टीरू

आमचे घरमालक तात्या गाणं लावण्याआधी स्पीकरच्या पाठीवर थाप मारायचे. दोन स्पीकर, दोन थापा. डाव्याचं नाव हौश्या, उजव्याचं गुलब्या. जन्मभर बैलजोडी हाकलेल्या या माणसाला जोडीनं आलेली वस्तू बिननावाची ठेवणं जमत नसे. त्यांच्या चपलांना नावं होती का, हे मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. विज्ञान शिकवतो म्हणजे मला विजेतलं सगळं कळतं, असा तात्यांचा ठाम समज. फ्यूज बांधताना मला घाम फुटतो, हे घरमालकाला कशाला सांगा?

नगरच्या छावणीतला कुणी साहेब बदली होऊन निघाला, त्याचा जुना, तबकड्याही वाजवणारा रेडिओग्राम दोन सुट्या स्पीकरांसकट तात्यांनी टेम्पोत कडब्यावर निजवून आणला. हा स्टिरिओ आहे, तबला एकीकडून वाजतो आणि सनई दुसरीकडून, असं साहेबानं सांगितलेलं. तात्यांनी ते गावभर केलं. "इष्टीरू हाय इष्टीरू. दोनी अंगांनी गातंय!"

एवढी हौस कुणासाठी, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. लेक सुमन श्रीगोंद्याला दिलेली. गाण्याचं तिला भारी वेड. तात्यांनी लग्नात जावयाला ट्रान्झिस्टर दिला, तर व्याह्यांनी तो कपाटात कुलपात घातला. बातम्या आणि बाजारभाव यांपुरताच बाहेर निघे. दिवाळीला सुमन चार दिवस माहेरी येणार, तेव्हा तिला मनसोक्त ऐकू द्यायचं, हा तात्यांचा बेत.

आणि मशीन लावल्याच्या पहिल्याच दिवशी तात्यांनी मला हाक मारली. "मास्तर, हौश्या अंग चोरतोय. समदं वझं गुलब्या वढतोय."

मी जाऊन ऐकलं. डावीकडून तबला छान वाजत होता. तसं सांगितलं, तर तात्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "दिसभर पोरांचा कालवा ऐकताय तुमी. तुमचे कान शाळंनं खाल्लेत."

घरमालकाचंच म्हणणं ते. दोन दिवसांनी मलाही तबल्याची शंका येऊ लागली.

मग तात्यांनी दुरुस्ती हाती घेतली. रेडिओवाल्याकडं जायचं नाही, कारण त्याला पेचकस कळतो, जोडी कळत नाही. तात्यांचा मंत्र एकच, "खोट बैलात हाय का जुवात, आदी ते बगा." बैल ओढत नसला तर त्याची बाजू बदलायची. तिकडंही ओढेना, तर खोट बैलात. तिकडं ओढायला लागला आणि इकडं आलेला दुसरा अडला, तर खोट जुवात. हसू नका, शाळेतल्या प्रयोगवहीत मी इतकं सरळ कधी शिकवलं नव्हतं.

हौश्याला उजवीकडं नेला, तर तो गाऊ लागला. गुलब्या डावीकडं येताच मुका. "बैल धड हायेत," तात्या म्हणाले. मागच्या वायरींची अदलाबदल केली. तरी डावीकडं मुकंच. "जू बी धड." जोडी आणि वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या. आता बोला!

"मास्तर, ह्यो कोपराच आवाज खातोय."

झालं. डाव्या कोपऱ्यातली ज्वारीची कणगी ओसरीवर गेली. लोणच्याच्या बरण्या माझ्या खोलीत आल्या, आणि आठवडाभर माझ्या शर्टांना खाराचा वास येत राहिला. तात्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, भिंत नव्यानं सारवावी लागली. "आता मलाबी उचलून ठिवा तिकडं," त्या म्हणाल्या.

दिवाळी दोन दिवसांवर आली. तात्यांचा चेहरा उतरला होता. "एका अंगानं गानारं मशीन पोरीम्होरं कसं लावू, मास्तर? सासरी मिळंना, तर हितं तरी पुरतं मिळाया नगं?"

मला वाईट वाटलं, पण बरण्यांचा रागही होता. म्हटलं, "तात्या, सगळं बदलून झालं. आता तुम्हीच तेवढे बदलायचे राहिलात. तोंड तिकडं करून बसा."

मी चेष्टेनं बोललो होतो. तात्यांनी मात्र ते मनावर घेतलं. खुर्ची उचलून फिरवली आणि मशीनकडं पाठ करून बसले.

"हौश्या गाया लागला," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आन आता गुलब्या गप."

तात्यांनी तळव्यानं उजवा कान झाकला. तबकडी फिरत होती. त्यांनी हात काढला, पुन्हा झाकला, पुन्हा काढला. स्वयंपाकघराच्या दारात काकू पिठाच्या हातानं उभ्या होत्या.

"डाव्या अंगानं हाक मारली का वळूनच बगायचे न्हाईत," त्या मला म्हणाल्या. "मला वाटायचं, मुद्दाम करत्यात. किती बोलले मी त्यान्ला." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

कुठून ती चेष्टा सुचली, असं मला झालं.

तात्यांनी खुर्ची सरळ केली. "म्हंजी मशीन धड हाय?"

"अगदी धड आहे, तात्या."

"सुमनला दोनी अंगांनी ऐकू यील?"

"येईल की."

त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला, जसं काही स्वतःचा डावा कान गेलाच नव्हता. मग खुर्चीवरून उठले आणि मला तिथं बसवलं. स्वतः जमिनीवर माझ्या गुडघ्याशी बसले, उजवा कान माझ्याकडं करून.

"दोनी अंगांचं म्हंजी कसं वाटतं वो, मास्तर? नीट सांगा."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी सांगितलं. तबला इथं डावीकडं, हाताच्या अंतरावर. सनई तिकडं, दाराशी. आणि मधे कुणीच नसताना, दोघं एकमेकांकडं बघून वाजवताहेत असं वाटतं.

तात्या डोळे मिटून ऐकत होते, सनई की मला, कोण जाणे. गाणं संपल्यावर त्यांनी माझ्या खिशातून खडू काढला आणि माझ्या खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खुणा केल्या.

"हितंच बसवायची तिला," ते म्हणाले.