प्रजेला विचारून सांगतो

आमच्या खालच्या मजल्यावरच्या माणिकराव सूर्यवंशींना तुम्ही चहाला बोलवा, लग्नाला बोलवा, नाहीतर गच्चीवरची पाण्याची टाकी का गळते ते बघायला बोलवा, त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "प्रजेला विचारून सांगतो."

हे ते हसत म्हणत नसत. चष्मा पुसत, मान जराशी तिरकी करून म्हणत, आणि मग खरोखरच घरात जात. घरात प्रजा कुठली? माणिकराव सडेफटिंग. एक कॉट, एक स्टोव्ह, एक टेबल आणि टेबलामागे भिंतभर पसरलेला नकाशा. त्या नकाशासमोर ते पाच मिनिटं उभे राहत आणि बाहेर येऊन सांगत, "येतो." किंवा, "आज जमत नाही, वहिनी. पूर्वेकडं गडबड चालूय." तोवर चहाचं पाणी झालेलं असे. माझा स्वभाव मुळात खवचट. त्यामुळे दोन-तीन वर्षं मी त्यांना वेड्यातच काढलं होतं.

खरी गोष्ट अशी होती की माणिकराव पोस्टानं एक खेळ खेळत. वेगवेगळ्या गावचे नऊ लोक, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. नागपूरच्या एका निवृत्त प्रोफेसरांनी एक काल्पनिक मुलूख कागदावर काढला होता. त्यात डोंगर, नद्या, मांत्रिक, राक्षस, उडते घोडे, सगळं होतं. प्रत्येकाला एकेक राज्य. दर महिन्याला प्रत्येक राजानं आपले हुकूम प्रोफेसरांना लिहून पाठवायचे. कुणावर चाल करायची, काय बांधायचं, काय पेरायचं. प्रोफेसर सगळ्यांचे हुकूम एकत्र करून निकाल लावत आणि प्रत्येकाला महिन्याचा खलिता पाठवत. अकरा वर्षं हे चाललं होतं. तोवर पाच राजे बुडाले होते आणि माणिकराव टिकून होते.

टिकून होते म्हणजे लढून नव्हे. बाकीचे राजे सोनं मिळालं की राक्षस विकत घेत, मांत्रिक ठेवत. माणिकराव कालवे खणत. तळी बांधत. एकदा त्यांना कुठल्याशा तहात एक राक्षस फुकट मिळाला, तर त्याला त्यांनी तळ्यातला गाळ काढायला लावलं. मी विचारलं, "अहो, राक्षस तो. त्याला लढायला पाठवायचं ना?"

"लढून काय पिकतंय, वहिनी? प्रजेचं बघावं लागतं."

नोकरीही त्यांची तीच होती. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले, त्यातले निम्मेअधिक फायलीतच मेले. कागदावरच्या राज्यात मात्र त्यांनी काढलेल्या प्रत्येक कालव्याला पुढच्या महिन्यात पाणी येत असे. ते आलं की सकाळी दूधवाल्या यादगिरीला पहिली खबर मिळे.

"क्या राजासाब, आज खुश दिखरे?"

"हौ यादगिरी. डावा कालवा चालू झाला."

"किधर का कालवा, साब?"

"तू नक्को पूछ. दूध डाल."

यादगिरीनं बिचाऱ्यानं कधी चौकशी केली नाही. दहा घरी दूध घालणाऱ्या माणसाला दहा प्रकारची वेडं माहीत असतात.

मी तेव्हा आबिड्सला तारेच्या काउंटरवर होते. दिवस असे होते की सरकारनं बाजार उघडला म्हणे, आणि आमच्या विद्यानगरात तो उघडलेला पहिल्यांदा दिसला तो एसटीडीच्या पिवळ्या पाट्यांनी. किराणावाला, शिंपी, झेरॉक्सवाला, ज्याच्या त्याच्या दुकानात काचेची खोली आणि आत हातवारे करत ओरडणारा माणूस. आमच्या गच्चीवर छत्री आली, घरोघर परदेशी चॅनेलं आली. माझ्या काउंटरची रांग मात्र महिन्यागणिक आखडत चालली होती. लग्नाच्या शुभेच्छा आणि मयताच्या खबरा, एवढंच उरलं होतं. माणिकरावांच्या राज्यावर या कशाचाही परिणाम नव्हता. चॅनेलं पाहायला बोलावलं तरी प्रजेला विचारून सांगत.

आणि मग त्या महिन्याचा खलिता आलाच नाही.

माणिकराव पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला. शेवटी एका बुधवारी सकाळी एक गृहस्थ खलिता घेऊन स्वतः दारात आले. ते मलकपेठचे एम. सूर्यवंशी. नाव तेच, पोस्टमननं पाकीट त्यांच्याकडे टाकलं होतं. या गृहस्थांना रेसचा नाद, घरही रेसकोर्सच्या जवळच. पाकीट फोडलं तर आत घोड्यांची नावं, कुठला घोडा किती वेगाचा, कुठल्या दिशेनं निघाला. त्यांना वाटलं, कुणीतरी देवमाणसानं रेसची टिप पाठवली. दोन आठवडे त्यांनी त्याचा अभ्यास केला होता. पाकीट परत देताना ते वैतागून म्हणाले, "साहेब, ह्यातला एकबी घोडा रविवारी पळाला नाही."

"पळत नाहीत ते. उडतात," माणिकराव म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसून वाचू लागले.

मी ऑफिसला निघाले होते. जिन्यातच थांबले, कारण त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

पूर्वेचा सम्राट, म्हणजे प्रत्यक्षात जबलपूरचा एक दातांचा डॉक्टर, त्यांच्या राज्यात घुसला होता. उडते घोडे वरून आणि दोनशे नावा खालून. नावा कुठून आल्या? माणिकरावांनी अकरा वर्षं खपून खणलेल्या कालव्यातून. डोंगर चढून जे सैन्य कधी आलं नसतं, ते त्यांच्याच पाटाच्या पाण्यावर बसून आरामात आलं होतं. मला हसू आवरेना. वैऱ्याला इतकी चांगली वाट दुसऱ्या कुणी बांधून दिली नसती.

"मग आता लढा," मी म्हटलं.

"लढलो तर दोन महिने टिकतो. किल्ला पक्काय." ते कागदावरून मान वर न करता बोलले. "पण हा माणूस अडला की बांध फोडतो, वहिनी. दोघांचे फोडलेत त्यानं. प्रोफेसर मग तेवढ्या मुलखावर निळी शाई फिरवतात. संपलं."

हुकूम नागपूरला पोचायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. हुकूम आला नाही तर राजा लढतो आहे असं धरायचं, असा नियम. पत्र पोचणं शक्य नव्हतं आणि प्रोफेसरांकडे फोन नव्हता.

मी घड्याळ पाहिलं आणि निघाले. ऑफिसात पोचून तासभर झाला नसेल, तोच माणिकराव माझ्या काउंटरसमोर रांगेत उभे दिसले. इस्त्रीचा सदरा घातला होता. इतक्या वर्षांत प्रजेला न विचारता ते कुठे गेल्याचं मला आठवत नव्हतं.

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. तार इंग्रजीत होती, मजकूर असा: सर्व वेशी उघडल्या. शस्त्रं खाली ठेवली. बांध फोडू नका. बांध फोडू नका. माणिक.

"हे दोनदा आलंय," मी पेन्सिलीनं खूण केली. तारेत लोक शब्दांची काटकसर करतात, बापाचं नाव गाळतात. "एक काढून टाकते."

"दोनदा राहू द्या, वहिनी."

तेवढ्यात माझ्या मागून आमचे सुपरवायझर रावसाहेब वाकून वाचू लागले. तेलुगू माणूस, नियमाचा पक्का, आणि मुळातच घाबरट. "एमिटी इदि, सुमनम्मा? ये क्या है? कौनसा बांध? कौन फोडता?"

झालं. रांगेतल्या एका म्हाताऱ्या मियाँनी एवढंच ऐकलं. "क्या बोलरे? बांध फुटरा? मूसी का पानी आता क्या?" मागचे एकजण मलकपेठला राहणारे, त्यांचं घर सखल भागात. त्यांनी हातातली पिशवी उचलली आणि घरी फोन करायला पळाले. मूसी नदीच्या पुराच्या गोष्टी आज्यापणज्यांपासून ऐकलेलं शहर आमचं. इथे बांध म्हटलं की लोक आधी पायाखाली बघतात. रावसाहेब म्हणाले, कलेक्टरला कळवावं लागेल, आणि फोनकडे वळले.

"थांबा साहेब," माणिकराव म्हणाले. मग रांगेकडे वळले. "बांध खोटा है. खेल का है. किधर बी पानी नै आता."

"फिर तार क्यों?" रावसाहेबांनी विचारलं.

माणिकराव काही वेळ काउंटरच्या लाकडावर बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून मराठीत बोलले, जणू बाकी कुणी तिथं नव्हतंच. "बांध खोटाय, वहिनी. गाव खरंय. होतं."

बांधाच्या पायथ्याशी त्यांच्या नकाशात एक गाव होतं, चिंचखेड. मी ते शंभरदा पाहिलं असेल. बाकीच्या गावांना नुसते ठिपके, आणि याची घरंसुद्धा काढलेली, एकेक चौकोन, मारुतीचं देऊळ, पार, विहीर. मला वाटलं, ड्राफ्ट्समनची हौस असेल.

"नोकरीचं पहिलंच वर्ष. धरणाचा नकाशा आला टेबलावर. पाणी कुठवर चढणार ती रेघ शाईनं काढायची, एवढंच माझं काम. रेघ आमच्या गावाच्या पलीकडनं जायली होती. मी अलीकडनं काढली. बोटभर फरक. साहेबांनी ब्लेडनं खरवडली अन् परत काढायला लावली. मीच काढली." ते थांबले. "माय सगळ्या गावाला सांगायची, आमचा माणिक सरकारात हाय, आपल्या गावाला काय होत नाही. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, रेघ कुणाच्या हातची होती."

रावसाहेबांना मराठी येत नव्हतं. तरी त्यांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा काढून उगाचच पुसला. मियाँ म्हणाले, "भेज देव बेटी, इनका पैले भेज देव."

मी ती तातडीची तार म्हणून लावली आणि दोन्ही वेळचे शब्द तसेच पाठवले.

पुढचे आठ दिवस मला सुचेना. आता सांगायला लाज वाटते, पण त्या खोट्या तळ्याच्या काळजीनं माझा स्वयंपाक दोनदा करपला. आमचे हे म्हणाले, "तुला कधीपासून प्रजा झाली?" तीन वर्षं ज्या माणसाची टिंगल केली, त्याच्या दारावरून जाताना आता मला पाऊल न वाजवता जावंसं वाटत होतं.

नवव्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तर माणिकराव जिन्यात उभे. हातात पाकीट, फोडलेलं.

"हरलो, वहिनी," ते म्हणाले. चेहरा असा, की मुलाला नोकरी लागल्याचं सांगावं.

त्यांचं राज्य गेलं होतं. गादी, किल्ला, खजिना, गाळ काढणारा तो राक्षससुद्धा सम्राटाच्या नावावर झाला होता. अकरा वर्षांत सहावा राजा बुडाला, असं प्रोफेसरांनी लिहिलं होतं. खाली, तार कळवल्यावर आलेला जबलपूरच्या डॉक्टरांचा हुकूम उतरवून काढला होता: बांध जसाच्या तसा ठेवावा. इतके चांगले कालवे मी या मुलखात पाहिले नाहीत. माजी राजांची हरकत नसेल तर त्यांना पाटकरी नेमावं.

माझा जीव भांड्यात पडला. पाटकरी म्हणजे कुणाच्या रानात कुठल्या दिवशी पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. गावात याच्याहून छोटी सरकारी नोकरी नसेल. "मग घेणार का?" मी विचारलं.

"घेतली. सकाळीच कार्ड टाकलं." ते हसले. "राजा होतो तेव्हा रोज कुणाची तरी भीती. आता काय, वारानुसार पाणी सोडायचं. मंगळवारी चिंचखेड."

मी म्हटलं, "वर या, चहा टाकते." आणि सवयीनं थांबले, ते आत जाऊन नकाशाला विचारून येतील म्हणून.

ते सरळ माझ्यामागून जिना चढले. वर टेबलाशी बसून त्यांनी पाकिटातून प्रोफेसरांचा नवा नकाशा काढला, घड्या हातानं नीट केल्या आणि माझ्यासमोर ठेवला. माणिकरावांच्या सगळ्या राज्यावर आता सम्राटाचा लाल रंग होता. फक्त तळ्यापुरती निळी शाई. माणिकरावांनी तिच्या कडेवर बोट ठेवलं आणि हळूहळू, एकही वळण न चुकवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेलं. चिंचखेडचे चौकोन बाहेर कोरडे होते.

"बघा," ते म्हणाले, "या खेपेला रेघ अलीकडनं गेली."

मग डोळे पुसून त्यांनी चहा घेतला, आणि अर्धा कप आणखी मागितला.