मंत्रीणबाईंच्या दारातले जोड

"आखातात गुप्तहेर दोनच. एक मी. दुसरा अजून कुणाला सापडलेला नाही, म्हणजे तोही बरा असावा."

महिपती काळोखे स्वतःची ओळख अशी करून देतात. त्यांच्या कार्डावर मात्र 'एसी दुरुस्ती व देखभाल' असं छापलं आहे. महिपतराव त्याला वेषांतर म्हणतात, आणि हे वेषांतर त्यांनी इतकं मनापासून सांभाळलं आहे की पगारही त्याचाच मिळतो. मी चेतन, त्यांचा सहायक. दोह्याच्या नजमा वस्तीत एकाच खोलीत आम्ही राहतो. कामावर मी शिडी धरतो आणि ते निष्कर्ष काढतात.

फुटबॉलच्या विश्वचषकाला काही महिने उरले होते आणि दोह्यात रोज कुठलं ना कुठलं शिष्टमंडळ उतरत होतं. सूक वाकिफ बाजाराजवळच्या, आमचं काम असलेल्या हॉटेलात त्या आठवड्यात लंडनच्या सत्ताधारी पक्षाचे पाच खासदार होते. आदल्या दिवशी थुमामाचं स्टेडियम आणि आजूबाजूची अर्धी धूळ पाहून ते परतले होते. तिकडे त्यांच्या पक्षात पंतप्रधानांविरुद्ध बंड चाललं होतं. निम्म्या खासदारांना नवा नेता हवा होता आणि उरलेल्या निम्म्यांना स्वतः नेता व्हायचं होतं.

पाचांतले एक पक्षाचे प्रतोद होते. खासदारांना एका रांगेत ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्या खोलीचा एसी गार करत नव्हता म्हणून आम्ही शिडी लावली होती. तेवढ्यात त्यांनी फोन आपटला आणि आमच्याकडे पाहून विचारलं, तुम्हाला सगळ्या खोल्यांत जाता येतं का? महिपतरावांनी शिडीवरूनच कार्ड दिलं.

साहेबांची अडचण अशी होती. सकाळी त्यांनी चौघांना आपल्या खोलीत बोलावलं होतं. पंतप्रधानांना पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर चर्चा करायची होती. एकही जण आला नाही. एकाचं डोकं दुखत होतं, दुसऱ्याचा गुडघा. तिसऱ्याला महत्त्वाचा फोन येणार होता. चौथ्या एक राज्यमंत्री बाई होत्या. त्यांनी फोन उचलला, थोड्या वेळाने येते म्हणाल्या आणि आल्या नाहीत. नावं संध्याकाळपर्यंत लंडनला कळवायची होती. जो फुटला असेल त्याचं पद जाणार, आणि कुणी फुटलेला सापडलाच नाही तर प्रतोदांचं जाणार. साहेब स्वतः का खोलीबाहेर पडत नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही. कारण राजकीय आहे हे महिपतरावांनी ताबडतोब ओळखलं.

बाहेर येताच त्यांनी पहिला सिद्धांत मांडला: विषबाधा. काल रात्री सगळ्यांनी एकाच ठिकाणी मच्छी खाल्ली होती. मी म्हणालो, विषबाधा झालेला माणूस गुडघा धरत नाही. मग अपहरण. पण अपहरण झालेले लोक आपापल्या खोलीतून फोनवर बोलत होते.

"चेतन, तीन माणसं, तीन कारणं," महिपतराव थांबून म्हणाले. "आमच्या कोरेगावात ग्रामसभेला न येणारेसुद्धा एकच कारण ठरवून सांगतात. इथं कारणं वेगळी, म्हणजे फार वरच्या पातळीचं संगनमत."

आम्ही कॉरिडॉरच्या वळणापलीकडे गेलो आणि महिपतरावांनी माझं मनगट धरलं. टोकाची खोली राज्यमंत्री बाईंची. दाराबाहेर ओळीने बूट ठेवलेले होते. पुरुषांचे चार जोड, बाईंचा एक.

आता मला कुणी सांगावं, दाराबाहेर जोडे म्हणजे काय? आपल्याकडे सत्यनारायण कुणाच्या घरी आहे हे पत्ता न विचारता कळतं ते जोड्यांवरूनच. आत सगळे जमलेत यावर माझाही विश्वास बसला. बाईंबद्दल वाईट वाटलं. काल त्यांच्या खोलीत फिल्टर साफ केला तेव्हा त्यांनी दोघांना पाणी दिलं होतं आणि "शुक्रन" म्हणाल्या होत्या, आम्हाला अरब समजून.

"माणूस खोटं बोलेल, जोडा बोलायचा नाही," महिपतराव म्हणाले आणि उकिडवे बसले. एकाची टाच डावीकडे झिजली होती: हा वारंवार बाजू बदलणारा. एकाची नाडी नुसती खोचलेली: निघायच्या तयारीत. चौथा जोड सर्वांत महाग आणि सर्वांत चकचकीत होता. महिपतराव त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, हाच सूत्रधार.

आम्ही जाऊन प्रतोदांना हे सांगितलं. त्यांनी लगेच लंडनला फोन लावला. आम्ही साक्षीला हवेत म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलले. बाईंच्या खोलीत चार पुरुषांसह बंडाची बैठक सुरू आहे, असं त्यांनी कळवलं. पलीकडच्या आवाजाने शांतपणे सांगितलं, बाईंचं मंत्रिपद संध्याकाळी जाईल.

"खलास," महिपतराव मला हळूच म्हणाले. "आता रंगेहाथ पकडू. यल्ला, चल."

आम्ही एसी तपासायच्या निमित्ताने दार ठोठावलं. बाईंनी उघडलं. पायात हॉटेलच्या कागदी सपाता, एका हातात कलिंगडाची फोड, दुसऱ्या हातात फोन. आत कुणी नव्हतं. महिपतरावांनी पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं, एसीच्या जाळीतही पाहिलं. बाई फोनवर आईला दोह्यातला उकाडा सांगत होत्या. त्यांनी दाराबाहेर खाली नजर टाकली.

"सापडले वाटतं," त्या म्हणाल्या. "काल आम्ही सगळ्यांनी पॉलिशला आपापल्या दाराबाहेर ठेवले होते. सकाळी दारात नव्हते, तेव्हापासून फोनवर विचारतेय. अशा सपाता घालून मीटिंगला कशी जाणार?"

तेवढ्यात पॉलिशवाला जहूर कॉरिडॉरमधून जात होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब लोक सगळे एकाच पार्टीचे, मंत्री या मॅडम, म्हणून सगळे जोड मॅडमच्या दारात ठेवले. त्यात चुकलं काय, हे त्याला कळेना. मलाही कळेना.

आम्ही परत धावलो. प्रतोदांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा फोन लावला. बैठक नव्हती, नुसते बूट होते, असं ते म्हणाले. पण एवढ्या वेळात लंडनला मोजणी झाली होती.

"तुमच्याबरोबर पुरुष तीनच आले आहेत," आवाज म्हणाला. "चौथा कोण?"

"चौथा कुणी नाही. फक्त बूट."

"कुणाचे?"

साहेबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिथेही सपाताच होत्या.

"माझे," ते म्हणाले.

पलीकडून फोन ठेवला गेला.

संध्याकाळी निर्णय आला. प्रतोदांना पदावरून दूर केलं. बाईंचं मंत्रिपद काढण्याऐवजी त्यांना बढती देऊन थेट मंत्रिमंडळात घेतलं. खोलीबाहेर पाऊल न टाकता जी बाई प्रतोदासकट सगळ्यांना आपल्या दारात जमवते, तिला बाहेर ठेवणं पंतप्रधानांना परवडणार नव्हतं. बूट पॉलिशला दिले होते, यावर तिकडे कुणाचाही विश्वास बसला नाही. महिपतरावांनी हा आपला पूर्ण सुटलेला पहिला गुन्हा असल्याचं जाहीर केलं.

विमानतळाकडे निघताना लॉबीत बाईंभोवती चौघे जण उभे होते, सगळे चकचकीत बुटांत. डोकं दुखायचं थांबलं होतं, गुडघा बरा झाला होता. माजी प्रतोद तर बाईंची बॅग उचलत होते.

"आम्ही पहिल्यापासून तुमच्याबरोबरच होतो," ते म्हणाले. बाकी तिघांनी माना डोलावल्या.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "दारापर्यंत आला होतात."